आय-टू-सी लावलं की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

"चार तारांत भागतं तिथे एवढ्या तारांचा पसारा कशाला? आय-टू-सी मॉड्यूल लावा, तयार लायब्ररी घ्या, विषय संपला. माझा ईएसपी-३२ वर्षभर चालतोय. आणि कॉन्ट्रास्टवर एवढं लिहायचं काय होतं?" १६ बाय २ डिस्प्ले (१६ अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी) मायक्रोकंट्रोलरला जोडण्यावरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. (आय-टू-सी म्हणजे दोनच तारांवरून डेटा पाठवायची पद्धत, उरलेल्या दोन तारा पुरवठ्याच्या; ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर; लायब्ररी म्हणजे डिस्प्ले चालवणारा तयार कोड.)

टेबलावर चालत असेल तर तुमचं बरोबर आहे. मी लिहिलं होतं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पॉवरलूम शेडसाठी. तिथे शेजारच्या मागाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) सुटला की १६ बाय २ डिस्प्लेवर टॉवेलच्या मीटरऐवजी जपानी अक्षरं उमटतात. (जपानी खरंच. डिस्प्लेच्या कंट्रोलर चिपच्या नेहमीच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, काताकाना ही जपानी लिपी भरलेली असते.)

मॉड्यूलने तारा कमी होतात, दुखणं जात नाही. मॉड्यूलवरच्या पीसीएफ ८५७४ चिपच्या पलीकडे डिस्प्लेचा तोच कंट्रोलर, एचडी ४४७८०, आणि तोच ४ बिटचा रस्ता. प्रत्येक बाइट (८ बिट) दोन अर्ध्यांत जातो. कॉन्टॅक्टरच्या झटक्याने ई पिनवर ('आता डेटा घे' सांगणारी पिन) एक खोटा पल्स आला की कंट्रोलर पहिल्या अर्ध्याला दुसरा समजतो आणि तिथून पुढे सगळंच सरकतं. आपला प्रोग्रॅम मात्र खुशाल लिहीत राहतो, कारण बहुतेक लायब्ररी डिस्प्लेकडून उलट काही वाचतच नाहीत.

सुरुवातीला हेक्स ३ (बिटांत ००११) तीनदा पाठवतात, पहिल्यानंतर ४.१ मिलिसेकंद थांबतात, ते याचसाठी: कंट्रोलर कुठल्याही अर्ध्यावर अडकलेला असो, ताळ्यावर यावा. लायब्ररी हे फक्त चालू करताना करते. शेडमध्ये ते दर मिनिटाला करा. मग हेक्स २ पाठवून ४ बिटवर आणा, फंक्शन सेट, डिस्प्ले ऑन, एंट्री मोड, होम या कमांड द्या, आणि दोन्ही ओळी पुन्हा लिहा. डिस्प्ले पुसणारी क्लिअर कमांड टाळा, नाहीतर अक्षरं लुकलुकतात. होम मात्र हवंच, भलत्या कमांडने सरकलेली ओळ त्यानेच जागेवर येते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाका. कपॅसिटर मेन्सला चालणारा, एक्स-२ मार्कचा घ्या.

आता तुमचा ईएसपी. ५ व्होल्टवरच्या पीसीएफला 'हाय' म्हणून पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपी देतो ३.३. तरी चालतं, कारण मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर डेटाच्या दोन्ही तारा ५ व्होल्टकडे ओढतात. तो भार ईएसपीच्या ३.३ व्होल्टच्या पिना सोसतायत, तिच्या डेटाशीटला ते मान्य नाही. बीएसएस १३८ मॉसफेटचा छोटा लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टचे सिग्नल जुळवणारा) मध्ये टाकायला फार खर्च येत नाही. तेवढं कराच.

आणि कॉन्ट्रास्ट. साधा डिस्प्ले ५० अंश सेल्सिअसपर्यंतचा असतो. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली, बंद डब्यात, तो दुपारी काळाठिक्कर पडतो आणि मालक म्हणतो, जळाला. कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करणारा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) डब्याबाहेरून फिरवता आला तर निम्मे फोन येतच नाहीत.