लाभार्थी संख्या

सूक्ष्मजीवशास्त्राची एक राष्ट्रीय संस्था आहे आणि तिची एक शाखा आमच्या कृष्णाकाठच्या गावात आहे. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढच्या वर्षाची वर्गणी मला तिथेच भरायची आहे. गेल्या एप्रिलमध्ये शाखेच्या सर्वसाधारण सभेत नव्या सचिवाचा विषय निघाला, त्या वेळी मी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या भांड्याचा, दाब उतरला की नाही हे पाहण्यासाठी पाच मिनिटे बाहेर गेले होते. परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. कोणाचा तरी सत्कार असावा अशा समजुतीने मीही मनापासून वाजवल्या, आणि मग अध्यक्षांनी माझ्या हाती मागच्या सचिवांची फाइल, शाखेचा शिक्का आणि वाळून खडखडीत झालेले स्टॅम्पपॅड दिले.

जिवाणूंना नव्या माध्यमात सोडले की ते लगेच वाढायला लागत नाहीत. काही काळ ते नुसते बसून राहतात, परिस्थितीचा अंदाज घेतात आणि पुढे लागणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. या अवस्थेला आम्ही लॅग फेज म्हणतो. आमची शाखा एप्रिल ते ऑगस्ट या अवस्थेत होती, फक्त विकरे तयार झाली नाहीत. त्यानंतर येणाऱ्या, झपाट्याने वाढण्याच्या लॉग फेजमध्ये ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे एकापासून दहा तासांत १०७ कोटींहून अधिक. आमची सभासदसंख्या वर्षभरात ४१ वरून ४३ झाली, आणि त्या दोघांपैकी एक माझा मावसभाऊ असून तो बँकेत आहे.

ऑगस्टअखेर मुख्यालयाचे पत्र आले. १७ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सूक्ष्मजीव दिन साजरा करून जिओटॅग केलेल्या छायाचित्रांसह आणि उपस्थितांच्या सह्यांसह अहवाल पाठवावा, असे त्यात म्हटले होते. १६८३ साली याच तारखेच्या पत्रात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरच्या किटणात हलणारे जीव दिसल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवले होते. या गृहस्थाकडे पदवी नव्हती, त्याला लॅटिन येत नव्हते, आणि सुमारे पन्नास वर्षे तो आपल्या मातृभाषेत पत्रे लिहून लंडनला पाठवत राहिला. त्याला एकही पुष्पगुच्छ मागवावा लागला नाही, असे मी विद्यार्थ्यांना आवेशाने सांगत असे. पुढे वाचनात आले की त्याच्या १६७६ च्या पत्रातले पाण्यातले जीव सोसायटीला खरे वाटेनात, तेव्हा त्याने पुढच्या वर्षी आठ प्रतिष्ठित व्यक्तींचे साक्षीदाखले पाठवले होते, आणि त्यांत धर्मगुरूही होते. म्हणजे उपस्थितांच्या सह्यांचा जाच आमच्या शास्त्राला जन्मापासूनच आहे. राहिला होता तो जिओटॅग.

जिओटॅगची अडचण अशी, की आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे नगरपालिकेचे सार्वजनिक शौचालय आहे. मोबाइलमधले ते अॅप कोणत्याही छायाचित्राखाली अक्षांश, रेखांश आणि जवळची ठळक खूण छापते, आणि आमच्या गावात त्याला तेवढी एकच खूण ठाऊक आहे. त्यामुळे दीपप्रज्वलन असो, प्रमुख पाहुण्यांचे स्वागत असो किंवा ईशस्तवन म्हणणाऱ्या मुली असोत, प्रत्येक छायाचित्राखाली ‘सार्वजनिक शौचालयाजवळ’ असे स्वच्छ अक्षरांत उमटत असे. मी खिडकीपासून दूर जाऊन पाहिले, गच्चीवर जाऊन पाहिले. एकदा तर विद्यार्थ्यांना घेऊन मुख्य फाटकापाशी गेले, तेव्हा अॅपने ‘शौचालयाकडे जाणारा रस्ता’ असे लिहिले.

त्या दिवशी आम्ही आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, जिवाणूंनी चित्रे काढण्याची स्पर्धा घेतली होती. कल्पना मोठी सुंदर असते. निर्जंतुक केलेली तारेची लूप जिवाणूंत बुडवून आगरवर चित्र रेखाटायचे, जे त्या क्षणी दिसतही नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघा रंगीत होऊन उगवतात. एका विद्यार्थिनीने सेराशिया या जिवाणूने जास्वंद काढली होती, कारण सेराशियाचा रंग रक्तासारखा लाल असतो. तो लाल रंग साधारण २५ ते ३० अंशांवर येतो आणि ३७ अंशांवर येत नाही, हे मी मामांना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरांना, सांगायची राहिले. मामांनी तीस वर्षांच्या सवयीने आगरच्या सगळ्या प्लेटा ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जिवाणू उबवायच्या कपाटात, ठेवल्या. सकाळी जास्वंदीची तगर झालेली होती.

त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या एका प्लेटमध्ये कोठून तरी प्रोटिअस शिरला. हा जिवाणू एका जागी कॉलनी करून राहत नाही. तो थांबत थांबत लाटांसारखा पसरतो आणि आगरवर एकात एक वर्तुळे उमटवतो. त्याने एका मुलाचा मोर पिसाऱ्यासकट गिळला होता. परीक्षक म्हणून आम्ही चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती प्लेट उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि ‘या मुलाकडे लय आहे’ असे म्हणून तिला पहिले पारितोषिक दिले. मुलाने ते निमूटपणे घेतले. मी अहवालात ‘विद्यार्थ्यांच्या कल्पकतेला वाव मिळाला’ असे लिहिले, आणि प्रोटिअसची सही मात्र उपस्थितीपत्रकावर घेता आली नाही.

१५ ऑक्टोबरच्या हात धुण्याच्या दिवशी गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी प्रात्यक्षिकासाठी आपला अंगठा देऊ केला. धुण्यापूर्वी एका प्लेटवर ठसा, धुतल्यावर दुसरीवर, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुलांसमोर दोन्ही प्लेटा उघडायच्या, असा कार्यक्रम होता. पाहुण्यांना पुढे लग्नाला जायचे असल्यामुळे त्यांनी साबणाकडे न पाहता हात नळाखाली धरले आणि बेसिनजवळ टांगलेल्या, पावसाळ्यापासून तिथेच असलेल्या नॅपकिनला पुसले. दुसऱ्या दिवशी पहिल्या प्लेटवर १९ कॉलन्या निघाल्या आणि दुसरीवर मोजता येणार नाहीत इतक्या. यात शास्त्राचा काहीही दोष नाही. नुसत्या पाण्याने चोळल्यावर त्वचेच्या खाचाखोचांतले जिवाणू सुटून वर येतात, साबण लावून निदान २० सेकंद चोळल्याशिवाय ते जात नाहीत, आणि ओल्या नॅपकिनमध्ये तर त्यांची वसाहतच असते. मी हे सगळे सांगितले. सहावीतला एक मुलगा शांतपणे ऐकून म्हणाला, “म्हणजे मॅडम, नाही धुतले तर बरं.” हे वाक्य तो घरी जाऊन सांगणार, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

नोव्हेंबरचा प्रतिजैविक जनजागृती सप्ताह, १८ ते २४ तारखेचा, तुलनेने सुरळीत पार पडला. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेने जिवाणू पेनिसिलिनला दाद देईनासे होतील असा इशारा दिला होता, हे आम्ही एसटी स्थानकावर पथनाट्यातून सांगितले. पथनाट्याच्या वेळी आमच्या खजिनदारांना सर्दी झाली होती, आणि पाकिटावर लाल रेघ असलेली, मागच्या आजारपणातून उरलेली प्रतिजैविकाची गोळी त्यांनी फलकाच्या आडोशाला जाऊन घेतली. मला दिसले, हे त्यांना दिसले. अहवालात दोघांनीही तो विषय काढला नाही.

जानेवारीतल्या वार्षिक परिषदेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तीन फूट बाय चार फुटांचे पोस्टर नळकांड्यात घालून मी सोळा तास प्रवास केला, टाचण्या नसल्यामुळे त्याचे दोन कोपरे हाताने धरून दीड तास उभी राहिले, आणि माझे पोस्टर पाहायला आलेल्या एकमेव गृहस्थांनी मला जेवणाचा मंडप कोणत्या बाजूला आहे असे विचारले. प्रमाणपत्रावर माझ्या नावापुढे ‘श्री.’ होते.

या सगळ्या वर्षात सूक्ष्मजीवांचे काम नियमितपणे कोठे चालले असेल तर ते आमच्या स्वयंपाकघरात. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला २०१२ मध्ये भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून जाहीर केले आहे, हे मी एकदा रात्री सासूबाईंना सांगितले. त्या कोमट दुधात करंगळी बुडवून पाहत होत्या. त्यांचे तेच तापमापक, आणि ते आमच्या इन्क्युबेटरपेक्षा कमी बिघडते. विरजण ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, “राष्ट्रीय असेल गं, पण हे शेजारच्या काकूंकडचं आहे. आपलं मागच्या थंडीत बिघडलं.” मुख्यालयाच्या भाषेत याला संवर्धनांचे आदानप्रदान म्हणतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज असतो.

मार्चमध्ये मुख्यालयाच्या पोर्टलवर अहवाल भरायची वेळ आली. रकाने चार होते: कार्यक्रम, दिनांक, लाभार्थी संख्या आणि निष्पत्ती. त्यात महाविद्यालयाची तपासणी आल्यामुळे मी मामांना जुन्या प्लेटा आवरायला सांगितल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी आम्ही हवेतले सूक्ष्मजीव दाखवण्यासाठी कॅन्टीनमध्ये पंधरा मिनिटे उघड्या ठेवलेल्या प्लेटा तोपर्यंत एका कोपऱ्यात विसरून पडल्या होत्या. दुपारी ती जास्वंदवाली विद्यार्थिनी धापा टाकत आली. त्यातल्या एका प्लेटवर हिरवट बुरशी आली होती आणि तिच्याभोवती बोटभर रुंदीच्या कड्यात एकही जिवाणू वाढलेला नव्हता, असे ती सांगत होती. १९२८ च्या सप्टेंबरात सुट्टीवरून परतलेल्या फ्लेमिंगने आपल्या विसरलेल्या प्लेटवर नेमके हेच पाहिले होते, हे तिला माहीत होते, कारण तो प्रश्न चार गुणांना येतो. आम्ही दोघी प्रयोगशाळेकडे अक्षरशः धावलो. मामा ऑटोक्लेव्हसमोर स्टुलावर बसले होते. काटा १५ पौंडांवर, तापमान १२१ अंश, आणि पंधरा मिनिटांपैकी चौदा झालेली.

“सगळं साफ केलं मॅडम,” मामा म्हणाले. “एक पण ठेवली नाही.”

तिच्या मोबाइलमध्ये त्या प्लेटचे एक छायाचित्र मात्र होते. अंगठा थोडा मध्ये आला होता, पण हिरवी बुरशी आणि तिच्याभोवतीचे मोकळे कडे स्पष्ट दिसत होते, आणि खाली अक्षांश, रेखांश व ‘सार्वजनिक शौचालयाजवळ’. ३१ मार्चच्या रात्री पावणेबारा वाजता मी ते अहवालाला जोडले. निष्पत्तीच्या रकान्यात खरोखर काय दिसले ते लिहिले, लाभार्थी संख्या १ अशी भरली आणि बटण दाबले. पोर्टलने लाल अक्षरांत कळवले की लाभार्थी किमान ५० असल्याशिवाय उपक्रम ग्राह्य धरता येत नाही. बारा वाजायला सहा मिनिटे होती. मी मावसभावाला फोन लावला.