ना वारा, ना लग्न

जपानी पाहुणा आला की आमच्या घरी कसली कटकट नसते. त्याला आमचं कळत नाही, आम्हाला त्याचं कळत नाही. दोन्ही बाजू हातवारे करतात, हसतात आणि शहाण्यासारख्या वागतात. डोक्याला ताप होतो तो एकमेकांचं बरंचसं कळणाऱ्यांचा.

पणजीत मळ्याजवळ सासूबाईंचं जुनं घर आहे. माडीवरच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे इथल्या हिशेबात घाटी. तरी जेवणाच्या टेबलापाशी दुभाषा म्हणून मलाच उभं केलं जातं, कारण बायको 'तुका इंग्लीश बरें येता' एवढं म्हणून स्वयंपाकघरात गडप होते.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं आलं. नवरा लिस्बनचा, बायको सेव्हिलची. पहिल्याच दुपारी सासूबाईंनी खतखतें वाढलं. सेव्हिलच्या बाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एक्स्किसितो!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांची प्राथमिक शाळा १९६१ च्या आधीची, पोर्तुगीजमधली. एरवी ते पोर्तुगीज पाढ्यांपुरतंच उरलंय, पण नको तेव्हा बरोब्बर आठवतं. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द 'विचित्र' या अर्थाने वापरतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'फर्मास'.

"खतखतें वायट जालां?" त्यांनी मला विचारलं. मी नवरोबांकडे पाहिलं. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते मन लावून शेवग्याची शेंग चोखत बसले. वर शांतपणे म्हणाले, "माझ्या स्वयंपाकालाही ती असंच म्हणते." खुलासा झाला तो ताटं उचलताना. तोवर सासूबाईंनी सोलकढीची वाटी बाईंच्या पुढून मागे घेतली होती.

या दोन देशांचं हे जुनंच आहे. लिस्बनमध्ये पहिल्यांदा जेवायला गेल्या तेव्हा बाईंनी मेनूत 'पोल्व्हो'ची कोशिंबीर वाचली आणि उठून जायला निघाल्या. पोर्तुगीजमध्ये पोल्व्हो म्हणजे ऑक्टोपस, स्पॅनिशमध्ये धूळ. घड्याळावरूनही रोज एक फेरी व्हायची. स्पेन पोर्तुगालच्या तासभर पुढे. बाई म्हणायच्या, आम्ही पुढारलेले. नवरोबा म्हणायचे, तुमची घड्याळं तुमच्या हुकूमशहा फ्रँकोने १९४० साली जर्मनीच्या वेळेला नेऊन लावली, ती मागे घ्यायची तुम्हाला अजून आठवण नाही. म्हणून तर रात्री दहाला जेवता.

आमच्या बाजारात मात्र नवरोबा हवेत होते. साबण, चावी, पगार, पाव, बटाटा: कान लावतील तिकडे घरचे शब्द. बाईंना हे सहन होईना. त्यांच्याकडे बटाटा म्हणजे 'पताता', आणि 'बताता' म्हणजे रताळं. नवरोबांनी ते माहीत असूनही त्यांना बटाटवड्याच्या गाड्यासमोर नेलं आणि फक्त नाव सांगितलं. रताळ्याचा गोड वडा समजून बाईंनी ऐसपैस घास घेतला. आत हिरवी मिरची होती. त्यानंतर त्यांनी नवऱ्याला स्पॅनिशमध्ये जे ऐकवलं, त्याचं भाषांतर मला कोणी करून दिलं नाही, आणि गरजही नव्हती.

सूड जुन्या गोव्यात घेतला गेला. मांडवीच्या धक्क्यावरून वर आलं की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू १५९७ साली व्हाइसरॉय म्हणून आला, त्याने ती पणजोबांच्या आठवणीसाठी उभारली. नवरोबा छाती काढून हे सांगत होते. बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तेव्हा तुमचा राजा कोण होता रे?"

नवरोबा कमानीकडे बघत राहिले. १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, एकामागून एक तीन फिलिप. म्हणजे त्या साठ वर्षांत गोव्याचा कारभार लिस्बनच्या नावाने चालला तरी धनी माद्रिदला.

"म्हणजे कमान आमची," बाई म्हणाल्या.

बॉम जेझू चर्चमध्ये प्रकरण आणखी वाढलं. सेंट फ्रान्सिस झेवियरचा जन्म नावारचा, १५०६ चा; आज ते स्पेनमध्ये आहे. बाई म्हणाल्या, संतही आमचा. नवरोबा म्हणाले, तेव्हा नावार वेगळं राज्य होतं, तुमचा काय संबंध? आणि १५४२ ला तो इथे आला तो आमच्या राजाच्या सांगण्यावरून, आमच्या जहाजातून. दोघांनी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिलं. पंढरपूरच्या विठोबाला आपलेच संत कानडा म्हणून गेलेत, मी कसला निवाडा करणार? घरी आल्यावर सासूबाईंनी भाजी चिरता चिरता निकाल दिला: "तो ना तांचो, ना तुमचो. तो गोंयचो सायब."

मी हसलो, पण जपूनच. आमच्या घरातही एक सीमा आहे. माझा आतेभाऊ कोल्हापूरहून आला, बसस्टँडवर पायलटच्या, म्हणजे भाड्याने नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसला आणि म्हणाला, "चला की राव!" कोकणीत 'राव' म्हणजे थांब. पायलटने ब्रेक मारला. हा म्हणाला, "काय झालं राव? चला!" गाडी सुटली. "जरा लवकर राव!" गाडी थांबली. पाटो पुलावर पायलटने मागे वळून विचारलं, "चल काय राव, एक कितें तें सांग!" आतेभावाला यातला 'राव' तेवढा कळला. त्याचं मत आहे की गोव्यातली माणसं फार अदबशीर.

खाणावळीत वेटरने "आनीक कितें जाय?" म्हटल्यावर मात्र तो दुखावला. आणखी काय हवं, एवढंच तो पोरगा विचारत होता. याला वाटलं, उठून जायला सांगतोय.

शेवटच्या रात्री नवरोबांनी त्यांच्याकडची म्हण सांगितली: स्पेनहून ना चांगला वारा येतो, ना चांगलं लग्न. बाईंनी ती हजारदा ऐकलेली असणार; त्यांनी नुसता पाव मोडला. माझ्या बायकोला मात्र म्हण फारच आवडली. आमच्याकडे म्हण नाही पण आकडा आहे, ती म्हणाली. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात जायला ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार दिला. हा आकडा आमच्या घरी दर भांडणात येतो. मी टॉवेल पलंगावर टाकला तरी येतो. "चौतीस हजार एकवीस जणांनी आधीच सांगितलं होतं," असं ती सुस्कारा टाकून म्हणते. बाईंनी तो आकडा वहीत लिहून घेतला.

निघताना बाईंनी सासूबाईंच्या हातात पाकीट ठेवलं. "प्रोपिना," म्हणाल्या, म्हणजे बक्षिशी. सासूबाईंनी नवरोबांकडे पाहिलं. आता ते कसली संधी सोडतात! "आमच्याकडे प्रोपिना म्हणजे विद्यापीठाची फी," ते म्हणाले.

बक्षिशी सासूबाईंनी घेतली नसती. फी घेतली. रोज सकाळी बाईंना ओट्यापाशी उभं करून कोकणी शिकवत होत्या, तेव्हा हिशेबाला धरूनच होतं. पाकीट कमरेला खोचत त्या माझ्याकडे वळल्या.

"जांवयान आजून फी दिवंक ना."