बायकोला वाक्यातून काढल्यावर

इंग्रजीनं पहिल्याच तासाला आम्हाला फसवलं. पाचवीत गुरुजींनी फळ्यावर सर्वनामं लिहिली. 'आय' म्हणजे मी. आमच्याकडे आय म्हणजे आई, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून झाली हे सगळ्यांना पटलं. मग 'मी' म्हणजे मला. इथं कुजबुज सुरू झाली. मग 'ही' म्हणजे तो. आणि 'शी' म्हणजे ती, यावर वर्ग जो हसत सुटला तो छडी बाहेर निघेपर्यंत.

त्या छडीनं शिकवलेला एक नियम मात्र हाडात मुरला. 'मी अँड गणू' म्हणायचं नाही, 'गणू अँड आय' म्हणायचं. आधी दुसऱ्याला मान, मागून आपण, आणि आपण म्हणजे कायम आय. या एका नियमावर मी पंचवीस वर्षं नोकरी काढली. वाक्यात दोन माणसं आली की दुसऱ्याला पुढे ढकलायचं आणि मागे आय चिकटवायचा. साहेबांनी कधी हरकत घेतली नाही. तेही त्याच छडीचे.

गेल्या आठवड्यात चिरंजीवांच्या वर्गशिक्षिकेचा मेसेज आला, शनिवारी पालकसभा. आभाराचं उत्तर टाईप केलं, 'थँक यू फॉर इन्व्हायटिंग माय वाइफ अँड आय.' पाचवीतले चिरंजीव खांद्यावरून वाचत होते.

"बाबा, आय नाही. मी."

"तू काय?"

"मी नाही रे, मी!"

"तेच विचारतोय. तू काय केलंस?"

त्यानं कपाळावर हात मारला. "आईला वाक्यातून काढ आणि परत वाच."

काढलं. 'थँक यू फॉर इन्व्हायटिंग आय.' भाजीत मीठ नसल्यासारखं काहीतरी लागलं खरं. 'इन्व्हायटिंग मी' म्हटल्यावर बसलं. म्हणजे बायको शेजारी असली की मी चुकतो आणि ती नसली की बरोबर येतो. हे मी जरा मोठ्यानं म्हणालो असेन.

"कोण कुणाला काढतंय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

काय प्रश्न होता! हू आणि हूम, दोन्ही आपापल्या जागी, आणि तेही पिठाच्या हातानं चपाती लाटता लाटता. मराठीत 'कोण' आणि 'कुणाला' यात कुणी घोळ घालत नाही. 'कोण मारलंस?' असं रांगतं पोरसुद्धा विचारणार नाही. इंग्रजीत मात्र त्या एका 'म'पायी भलेभले घाम पुसतात. 1611 सालचं बायबल घ्या. चाळीसहून जास्त विद्वान भाषांतराला बसलेले, आणि येशूच्या तोंडी वाक्य काय, तर 'हूम डू मेन से दॅट आय द सन ऑफ मॅन अ‍ॅम?' हवं होतं हू. त्यांच्या घरात चपात्या लाटणारं कुणी नसावं.

शेक्सपिअर तर थेट माझ्याच बाकावरचा निघाला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनियो मित्राला पत्र लिहितो, त्यात 'बिट्वीन यू अँड आय' असं धडधडीत आहे. व्याकरणानं तिथं मी पाहिजे. अर्थात ज्याचं शेरभर मांस उद्या कापून नेणार आहेत, त्यानं सर्वनामं तपासत बसावं अशी अपेक्षा नाही. मला ती सवलत नव्हती. मला फक्त शनिवारी दहा वाजता जायचं होतं.

शेवटी 'वी विल कम' एवढंच लिहून पाठवलं. 'वी'मध्ये सगळे मावतात, कुणाला काढावं लागत नाही.

पाच मिनिटांत बाईंचं उत्तर. 'फॉर एनी क्वेरीज, प्लीज कॉन्टॅक्ट द प्रिन्सिपल ऑर मायसेल्फ.'

फोन मुकाट्यानं चिरंजीवांपुढे धरला. त्यानं प्रिन्सिपलवर अंगठा ठेवला, उरलेलं वाक्य ओठातल्या ओठात वाचलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, हे शनिवारी मिसना सांगू नकोस हं."