शहरावर ऊन पडलंय म्हणून विश्वामित्री शांत? त्या फॉरवर्डला उत्तर

“आठवड्याचं हवामान स्वतः ओळखा” अशा नावाचा एक मेसेज सध्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. काळा ढग म्हणजे पाणी, पांढरा म्हणजे रिकामा. शहरात पाऊस नसेल तर शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी चढत नाही. विमानं औषध मारून ढग पळवतात. वर हवामान खात्याचे इशारे म्हणजे नुसती घाबरवाघाबरवी. समा भागात तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या मामींनी हा वाचून सामान वर चढवायचं रहित केलं, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी ढगांचा रंग. दमट हवा वर चढते, थंड होते आणि दवबिंदूच्या तापमानाला पोचली की तिच्यातली वाफ धूळ, मीठ, धूर यांच्या बारीक कणांवर जमते. ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा साधा हिशेब आहे : जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले 125 मीटर. हवा 32 अंश आणि दवबिंदू 24 असेल तर दुपारचे गठ्ठे ढग साधारण 1000 मीटरवर तयार होणार. त्यातला एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. असे दहा लाख एकत्र आले की पावसाचा एक बरा थेंब होतो. काळेपणा येतो तो जाडीमुळे, कारण जाड ढगातून ऊन खाली पोचत नाही. संध्याकाळी बडोद्यातून ईशान्येला पाहिलं तर पश्चिमेच्या उन्हात पावागडावरचा गडगडाटी ढग कापसाच्या ढिगासारखा शुभ्र दिसतो. त्याच वेळी त्याच्या खाली उभ्या असलेल्या हालोलकराला तोच ढग काळाकुट्ट दिसतो आणि तो भिजतही असतो. आता सांगा, रिकामा कोणता?

इथूनच त्या मेसेजमधल्या सगळ्यांत घातक वाक्याकडे यावं लागतं : “शहरात पाऊस नाही, म्हणजे नदीची काळजी नाही.” अहो, विश्वामित्रीचा उगमच मुळी पावागडच्या डोंगरात आहे! पावागड पंचमहाल जिल्ह्यात. तिथलं आणि आजवा सरोवराच्या पाणलोटातलं पाणी खाली उतरून शहरात येतं, आणि यायला वेळ घेतं. 1 चौरस किलोमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. 100 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पडला तर 1000 कोटी लिटर, आणि त्यासाठी शहरातल्या सयाजीगंजात छत्री उघडावी लागत नाही. ऑगस्ट 2024 आठवा. मुसळधार पावसानंतर नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर गेली. 28 तारखेला शहरावरचा पाऊस ओसरला होता, पाणी मात्र घरांत होतं. (नदीतल्या मगरींनी तर पत्तेच बदलले होते.) तेव्हा तळमजलेवाल्यांनी आभाळाकडे बघून ठरवू नये. तीन गोष्टी पाहाव्यात : बडोद्याबरोबर पंचमहालचाही इशारा, आजव्याची पातळी आणि काळाघोडा पुलापाशी नदी किती फुटांवर आहे. पातळी तासातासाला चढत असेल तर 26 ची वाट न बघता फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी आणि गाडी हलवायला घ्यावी. अंधारात, गुडघाभर पाण्यात हे जमत नाही.

“तुरळक ठिकाणी अति मुसळधार म्हणजे थोडासा पाऊस,” हे त्याच मेसेजातलं दुसरं रत्न. हवामान खात्याच्या व्याख्या छापील आहेत. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर. अति मुसळधार म्हणजे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर, मोजणी सकाळी 8.30 ते 8.30. म्हणजे जागा थोड्या, पण जिथे कोसळेल तिथे कंबरडं मोडेल. 31 जुलै 2019 ला बडोद्यात दिवसभरात 500 मिलिमीटरच्या आसपास पडला होता. खात्याच्या तक्त्यातली सर्वांत वरची पायरी 204.5 लाच सुरू होते.

विमानांच्या पांढऱ्या रेघांवर फार शाई खर्च करत नाही. दहा-अकरा किलोमीटरवर उणे 40 अंश किंवा त्याहून थंड हवेत इंजिनातली वाफ गोठते, बस. वरची हवा दमट असली तर रेघ रेंगाळते. कृत्रिम पाऊस खरा आहे, हे मान्य. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला प्रयोग केला, त्यात सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास वाढ आढळली. पण त्याला आधी पाणी धरलेले ढग आकाशात लागतात. ढग पळवण्याचं औषध त्यात कुठेच नाही.

“आभाळाला खवले दिसले की पाऊस येतो,” हे चला, अर्धं पदरात टाकतो. मधल्या थरातली हवा दमट आणि अस्थिर असल्याची ती खूण असते, पण बऱ्याचदा खवले दुपारपर्यंत विरूनही जातात.

राहिलं “मोबाइल 14 दिवस आधी तास सांगतो, मग खातं कशाला.” आठवड्याचा अंदाज पहिले दोन-तीन दिवस नेमका, पुढे फक्त कल सांगणारा असतो. गडगडाटी ढग तासाभरात उभा राहतो आणि दीडेक तासात संपतो. पुढच्या गुरुवारी दुपारी 3 वाजता तो रावपुऱ्यावर असेल की मांजलपूरवर, हे आज कोणताही संगणक सांगू शकत नाही. त्यासाठी खातं पुढच्या तीन तासांचा वेगळा इशारा काढतं, फुकट.