झेरॉक्सच्या दुकानात मायनस वन

परवा संध्याकाळी मला भर दुकानात, चार माणसांदेखत, मायनस वन मिळाला आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. लेक नीटची तयारी करतेय, ड्रॉप घेतलाय, सेल्फ असेसमेंटचे सेट मोबाईलवर सोडवायचे नाहीत कारण मोबाईल हातात आला की तो फक्त सेटपुरता राहत नाही, आणि खरा पेपरही कागदावरच, ओएमआरचे गोळे पेनाने काळे करायचे. म्हणजे प्रिंट हवी. प्रिंट आणायला आई. एवढी पार्श्वभूमी पुरे.

स्वतः सोडवायचं, स्वतः तपासायचं, स्वतःच्या चुका स्वतः शोधायच्या अशी त्यात मूळ कल्पना आहे म्हणे. आमच्या घरी लेक फक्त सोडवते. घड्याळ घेऊन मी बसते, १८० प्रश्न, १८० मिनिटं, ती पाणी प्यायला उठली तरी मी घड्याळ थांबवत नाही आणि त्यावरून मग अर्धा तास भांडण, जे वेळेत धरलेलं नसतं. उत्तरांचं पान मी गव्हाच्या कोठीत लपवते. मार्कांची बेरीज हे करतात, बरोबरला चार, चुकला की एक वजा, आणि दर वेळी माझ्यापेक्षा वेगळी येते. निकाल सासूबाई फोनवर पुण्याच्या नणंदेला कळवतात, तोही थोडा वाढवून. शिवाय ४ मे २०२५ ला इंदूरात ऐन पेपरच्या वेळी वादळ आलं, काही सेंटरांवर लाइट गेली, पोरं हायकोर्टात गेली, आधी फेरपरीक्षेचा हुकूम झाला आणि मग तो फिरला, हे सगळं बघितल्यापासून मी एखाद्या सेटला मध्येच मेन स्विच बंद करते. सवय हवी. लेकीला हे अजिबात पटत नाही, आणि सासूबाईंना तर त्याहून नाही कारण त्यांची सिरियल त्याच वेळी असते.

तर झेरॉक्सचं दुकान. आमच्या सुदामानगरात कोपऱ्यावर आहे, चालवणारे काका आपलेच, मराठी, पण तीन पिढ्या इंदूरच्या पाण्यावर, त्यामुळे बोलणं असं की अर्धं रामबागेतलं मराठी आणि अर्धं राजवाड्यावरचं हिंदी. त्यांचा प्रिंटर जुना आहे आणि पानं उलट्या क्रमाने बाहेर टाकतो, शेवटचं पान आधी. सेटच्या शेवटच्या पानावर उत्तरं असतात. म्हणजे प्रश्न यायच्या आधी काकांच्या हातात आन्सर की येते. हे ध्यानात ठेवा, सगळा अनर्थ इथूनच झाला.

रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ समग्र आयडीचा, म्हणजे आमच्या मध्य प्रदेश सरकारच्या ओळख नंबराचा, कागद घेऊन, एक पोरगा हेल्मेट डोक्यातून न काढता, आणि आधारची कलर झेरॉक्स हवी असलेल्या एक बाई, ज्यांना घाई होती असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत होत्या. काकांनी उत्तरांचं पान चष्म्यासमोर धरलं, मागोमाग बायोलॉजीचं पान आलं ते दुसऱ्या हातात धरलं, आणि म्हणाले, "वहिनी, थांबा जरा. एक सवाल विचारून राहिलो."

मी म्हटलं, काका, मुलीची परीक्षा आहे, माझी नाही.

"अहो पण शिकवणार तर तुम्हीच ना घरी. सांगा, रताळं म्हणजे कशाचं रूपांतर? पान, खोड, मूळ, का फळ?"

आता मी होळकर सायन्स कॉलेजची बी.एससी., बॉटनी घेऊन. ते कॉलेज १८९१ चं आहे, आणि आमच्या मॅडमनी रताळं आणि बटाटा शेजारी ठेवून आमच्याकडून आकृत्या काढून घेतल्या होत्या. मी अगदी सहज, पर्समधून सुटे काढता काढता म्हटलं, "मूळ."

काकांनी मान हलवली. डॉक्टर लोक वाईट बातमी द्यायच्या आधी हलवतात तशी. "गलत. खोड."

मी म्हटलं, काका, बटाटा खोड. बटाट्याला डोळे असतात, डोळा म्हणजे पेरावरची कळी, पेरं खोडाला असतात. रताळ्याला तसे डोळे नसतात, ते मूळ. छापणाऱ्याचा गोंधळ झालाय.

"बटाटा खोड ना?"

हो.

"बटाटा उपासाला चालतो ना?"

हो.

"मग रताळं पण चालतं. दोघं एकाच खात्यातले." आणि रांगेकडे बघून, "काय भिया, बरोबर ना?"

यावर समग्रवाले गृहस्थ, जे इतका वेळ भिंतीवरचं लायसन वाचत होते, ते एकदम पुढे आले आणि म्हणाले की आमच्याकडे शिवरात्रीला आणलेलं रताळं ओट्याखाली विसरलं तर त्याला कोंब आले होते, आणि कोंब मुळाला येतात का? मी म्हटलं, येतात, रताळ्याला येतात, त्या आगंतुक कळ्या. "आगंतुक" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांच्या घरच्या पाहुण्यांबद्दल काही बोलले. आधारवाल्या बाईंनी मध्येच विचारलं, मग गराडूचं काय? गराडू म्हणजे आमच्याकडचा कंद. इंदूरच्या माणसाला थंडीत सराफ्यात उभं राहून तळलेला गराडू खाताना त्याचं वनस्पतिशास्त्र कधी आठवलेलं नाही, पण त्या दिवशी आठवलं. घाई असलेल्या बाईला! मी म्हटलं, गराडू सिलॅबसमध्ये नाही. त्या म्हणाल्या, बघा, हेच, कामाचं काही शिकवतच नाहीत.

हेल्मेटवाल्या पोराने तेवढ्यात मोबाईल काढून शोधलं आणि हेल्मेटच्या आतून म्हणाला, "आंटी सही बोल रही हैं, रूट ही है." आंटीचं मी सोडून दिलं, साक्षीदार महत्त्वाचा. पण काका ऐकायला तयार नाहीत. "नेटवर कोणी पण काही पण लिहितं. हे छापलेलं आहे." छापलेलं आहे! छापलं कोणी तर ह्यांनीच, दोन मिनिटांपूर्वी, माझ्या पेनड्राइव्हवरून, कागद अजून गरम होता. पण एकदा कागदावर आलं की ते खरं, हा नियम आपल्याकडे रेशनकार्डापासून चालत आलाय, आणि काकांनी डब्यातलं पेन काढून माझ्या बिलाच्या मागे मोठ्ठं मायनस वन लिहिलं, खाली रेघ मारून. रांग हसली. आधारवाल्या बाई सगळ्यात जास्त.

हसण्यावारी न्यायला मला जमलं असतं, पण घरी येताना रिक्षात डोकं फिरायला लागलं. २०२४ च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं धरली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक आणि नव्यात दुसरं. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर सांगितलं, आणि ग्रेस मार्कांचा घोळ वगैरे धरून सगळं निस्तरल्यावर ७२० पैकी ७२० वाले ६७ चे १७ झाले. तिथे निदान कोर्ट तरी होतं. ह्या विकतच्या सेटांना कोण आहे? चुकीची आन्सर की छापली तर पोरगी ती खरी मानून पाठ करणार, आणि खऱ्या पेपरात तेच लिहून आली की चार मिळायचे गेले वर एक कापला, म्हणजे एका रताळ्याचे पाच मार्क. २०२५ ला बावीस लाखांवर पोरं बसली होती, तिथे पाच मार्कांत किती हजार माणसं पुढे जाऊन बसतात याचा हिशेब हे करायला लागले होते, मी त्यांना करू दिला नाही. आणि सेटची किंमत सांगत नाही, सांगितली तर सासूबाईंना कळेल.

काका त्या दिवशी वर आणखी म्हणाले होते, "वहिनी, टेन्शन नका घेऊ, आता तरी सगळं कंप्यूटरने तपासतात. आधी तर पोरं पेपर कोरा सोडून यायची, नंतर कोणी तरी भरून द्यायचं." व्यापमंबद्दल, आमच्या राज्याच्या परीक्षा मंडळातल्या घोटाळ्याबद्दल, बोलत होते. खरंच आहे ते, २०१३ मध्ये पीएमटीला, म्हणजे मेडिकलच्या राज्याच्या प्रवेशपरीक्षेला, दुसऱ्याच्या नावाने बसणारे पकडले गेले ते आमच्याच शहरात. आमचे हे एम.वाय. हॉस्पिटलवरून जाताना लेकीला एमजीएम मेडिकल कॉलेजची बिल्डिंग दाखवतात, दर वेळी, जणू ती मध्ये कुठे गेली होती, आणि मला दर वेळी त्या वर्षांत खरा अभ्यास करून बाहेर राहिलेली पोरं आठवतात. त्यांना कोणी काय परत दिलं? जाऊ दे. विषय रताळ्याचा होता.

घरी आल्यावर मी लेकीला काही न सांगता सेट दिला. सोडवून झाला, तपासायला बसले, तर रताळ्याला तिने खोड काळं केलेलं. माझ्या पोटात गोळाच. अगं, तुला माहीत नाही? तर म्हणे, "माहीत आहे ना आई, मूळ. पण ह्यांच्या मागच्या सेटमध्ये पण आन्सर की चुकलेली होती, हे तेच तेच प्रश्न फिरवतात. ह्यांच्या सेटमध्ये ह्यांचं उत्तर लिहायचं म्हणजे रँक चांगली दिसते, मे महिन्यात आपलं लिहायचं." आणि दोन्ही उत्तरं ती डोक्यात शेजारी शेजारी ठेवून व्यवस्थित झोपली. मी जागी. कंपनीला ईमेल केली, पान नंबर, प्रश्न नंबर, बटाट्याचे डोळे, सगळं सविस्तर. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली पुढच्या क्रॅश कोर्सवर सूट.

त्या दुकानात मी आता जात नाही. पुढच्या सेटला ह्यांना पाठवलं. हे बी.कॉम., फिजिक्सशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता. काकांनी त्यांनाही थांबवलं, लेन्सचा कुठला तरी प्रश्न विचारला, ह्यांनी "सी" असा तुक्का मारला आणि तो लागला. बिलाच्या मागे प्लस फोर लिहून आणलंय, स्पायरल बाइंडिंग फुकट, आणि वर चहा पाजला. आल्यापासून ते बिल फ्रिजला चुंबकाने लावून ठेवलंय. रात्री जेवताना अगदी अभ्यासू चेहऱ्याने मला विचारतात, "पण काय गं, रताळं खोडच ना?"