काका कुणालाच घाई करत नसत

आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणारे एल्डर, आम्हा सगळ्यांचे काका, परवा प्रभूच्या घरी गेले. नव्वदी केव्हाच ओलांडली होती. जो तो त्यांच्या सेवेची वर्षं मोजतोय. मला त्यांच्या धीराबद्दल लिहायचंय.

आमची मंडळी बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातली. बॅप्टिस्ट मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, होत नाही. ज्याने त्याने स्वतः विश्वास कबूल करून पाण्यात उतरायचं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण बरोबरीच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले, की आईवडिलांचा जीव खालीवर होतो. मग मुलाला काकांकडे पाठवायचं. काका आईवडिलांना बाहेर बसवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि विचारायचे, "तुला स्वतःला हवंय का?" मूल गप्प राहिलं तर तेही गप्प. मग म्हणायचे, "पाणी कुठं पळून जात नाही, बाळा." मलाही त्यांनी थांबवलं होतं. माझे बाबा इतके चिडले, की कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलले नाहीत. काका ढळले नाहीत. पुढे मी पाण्यातून वर आले, तेव्हा डोळ्यांवर पाणी, पायाखाली निसरडी पायरी, आणि कोपराला घट्ट धरलेला हात त्यांचा.

रविवारच्या शाळेत ते थॉमस हेल्विसची गोष्ट सांगायचे. १६१२ च्या सुमारास लंडनजवळ इंग्लंडमधली पहिली बॅप्टिस्ट मंडळी त्याने उभी केली. राजा माणूस आहे, देव नव्हे. प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही, असं त्याने राजा जेम्सला लिहून कळवलं. हे स्वातंत्र्य त्याने यहुद्यांसाठी आणि मुसलमानांसाठीसुद्धा मागितलं. शेवटी तुरुंगातच मेला. जिथे राजाचं चालत नाही तिथे बापाचं कसं चालेल, हा काकांचा सवाल असायचा.

आमच्यावर बिशप नाही, सभासदांची सभा ठरवेल तेच खरं. इमारत वाढवण्याच्या प्रश्नावर काका विरोधात बोलले आणि मतदानात हरले. पुढच्याच रविवारी बांधकामाच्या निधीत पहिलं पाकीट त्यांचं पडलं. ऐकू कमी यायला लागलं, तसं कुणी सुचवायच्या आत वडीलपदही सोडलं. पदाला चिकटून बसलेली माणसं पाहते तेव्हा हे फार मोठं वाटतं.

आता त्यांच्या नावाची पाटी लावायचं चाललंय. जरूर लावा. पण बाप्तिस्म्याच्या वर्गाला यंदा आईवडिलांना बाहेर बसवणारं कुणी आहे का, ते आधी ठरवा.