घोट्यांवरची सूज अंगावर काढू नका

अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरक्षित आहे आणि बहुतेकांना सोसते, हे तुमच्या या गोळीवरच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण या गोळीमुळे घोट्यांवर येणारी सूज त्यात एका ओळीत उरकली, ते खटकलं. माझ्या आईला ५ मिलिग्रॅमवर काहीच त्रास नव्हता. डोस १० झाला आणि दोनेक आठवड्यांत संध्याकाळी तिच्या चपलेचा पट्टा लागेना, मोजे काढले की पोटरीवर खोल वळ दिसायचे. वयामुळे असेल म्हणून आम्ही महिनाभर दुर्लक्ष केलं, याचं अजून वाईट वाटतं.

ही सूज अंगात पाणी वाढल्यामुळे येत नाही. गोळीने बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मग त्यांच्यामधल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतला (केशवाहिन्यांतला) दाब वाढून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. डॉक्टरांनी आधी आईचं हृदय आणि किडनी तपासली, मग डोस परत ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन ही रक्तदाबाचीच दुसरी गोळी दिली. पाय उतरले, बीपीही आटोक्यात राहिलं.

आणि कृपा करून त्रास होतोय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. अ‍ॅटेनोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी एकदम थांबवली तर छातीचं दुखणं उसळू शकतं. रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने येणाऱ्या कोरड्या खोकल्यावरही लोक महिनोन्‌महिने कफ सिरप पीत बसतात. डॉक्टरांना सांगून गोळी बदलली की तो बहुधा काही आठवड्यांत थांबतो.